पावसाआधी भरायची वाड्याची वही

२०२१ च्या जुलैत, २३ तारखेला पहाटे गोव्यातल्या म्हादई नदीचे पाणी आमच्या वाड्यात शिरले तेव्हा नदीकाठची दोन घरे अगदी सारख्या उंचीवर होती. एका घरात ऐंशीच्या पुढची आजी. आम्ही हाक मारल्याबरोबर तिने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण ओटीत घेतला आणि काठी टेकत चढाव चढून गेली. दुसऱ्या घरात पंचेचाळिशीचा धडधाकट माणूस. दाराला आतून कडी. पाणी सोप्याच्या पायरीला लागले तरी तो उघडेना. पंचांनी सांगून पाहिले, मी सांगून पाहिले, अग्निशामक दलाच्या जवानांनीही हाका मारल्या. शेवटी त्याचा शाळेतला मित्र आला, पिकअप चालवणारा. त्याने खिडकीशी जाऊन नुसती नावाने हाक मारली आणि दोन मिनिटांनी कडी निघाली.

नंतर कळले की तीन आठवडे त्याला धड झोप नव्हती. खाणीवरचे काम बंद पडल्यापासून हप्ते थकलेले, आणि मे महिन्यात करोनाने सख्खा भाऊ गेलेला. पुरात आधी कोणाला हलवायचे याच्या आमच्या यादीत आजीचे नाव सगळ्यांत वर होते. याचे नाव यादीत नव्हतेच.

त्या वर्षापासून मी पुराची यादी वेगळी आणि मनाच्या दुखण्याची यादी वेगळी ठेवत नाही. एकच वही, घरागणिक एक पान. तुम्ही नव्याने आपदा मित्र (आपत्तीत मदतीसाठी प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक) झाला असाल, पहिल्यांदाच पंच म्हणून निवडून आला असाल किंवा महिला मंडळातून, देवस्थानाच्या समितीतून मदतीला उभे राहिला असाल, तर ही वही कशी भरायची ते पुढे सांगतो. डॉक्टर असण्याची गरज नाही. रोग ओळखणे हे तुमचे काम नव्हेच. कोणाला धक्का जास्त बसेल आणि कोणाला सावरायला जास्त वेळ लागेल, एवढेच ओळखायचे आहे.

पहिली पायरी: आधी पाण्याची वाट शोधा

हे काम एप्रिलात करा. मे महिन्यात लग्ने आणि पाहुणे, जूनच्या पहिल्या आठवड्यात तर पाऊस दारात.

वाड्यातून पायी फिरा. हातात पंचायतीचा नकाशा असला तर उत्तम, नसला तर वहीच्या मधल्या पानावर स्वतः काढा: नदी, व्हाळ (ओढा), पूल, मोऱ्या, डोंगराचा उतार, देऊळ, शाळा. मग जुन्या माणसांना विचारा, पाणी कुठपर्यंत आले होते? सत्तरी, डिचोली, पेडण्यात लोक २०२१ चा पूर सांगतील. जाणती माणसे थेट १९८२ वर जातील, कारण त्यानंतर असा पूर पाहिला नव्हता असे २०२१ मध्ये सगळेच म्हणत होते. काणकोणात २ ऑक्टोबर २००९ कोणी विसरलेले नाही. काही तासांच्या पावसात डोंगराची माती आणि पाणी एकदमच खाली आले. भिंतीवरची खूण दाखवायला सांगा आणि ती जमिनीपासून मोजून लिहा. ‘कमरेएवढे’ म्हणणाऱ्याची कंबर कोणाची हे पाच वर्षांनी कळत नाही.

प्रत्येक गावाचे पाणी वेगळे असते. साखळीला वाळवंटी चढते तेव्हा वर केरीच्या अंजुणे धरणातून किती पाणी सोडले आहे हे बघावे लागते. पेडणे आणि डिचोलीच्या उत्तर टोकाला तिळारीचे पाणी येते, आणि ते धरण महाराष्ट्रात आहे, म्हणजे आपल्या डोक्यावर ऊन असतानाही नदी फुगू शकते. तिसवाडीत, सालसेतमध्ये खाजनाचा (खाडीकाठच्या सखल शेतीचा) बांध आणि मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, महत्त्वाची. बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरते आणि भरतीच्या वेळी ते उतरतही नाही. डोंगरपायथ्याला पाण्यापेक्षा मातीची भीती. जमिनीला नवी भेग, कललेला विजेचा खांब, अचानक गढूळ झालेली झर, कालपर्यंत लागणारे दार आज न लागणे: यातले काही दिसले तर त्या घरासमोर लगेच खूण करा.

घराची भिंत कशाची आहे तेही लिहा. मातीची भिंत पुरात लगेच पडतेच असे नाही. ती भिजते, पाणी उतरते, लोक परत येऊन झोपतात, आणि दोन दिवसांनी रात्री ती बसते.

दुसरी पायरी: रोज दार ठोठावणाऱ्यांना विचारा

थेट घरोघरी जाण्याआधी चार माणसांशी बोला. पहाटे सायकलवर भोंगा वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला. अंगणवाडीची ताई. रेशनच्या दुकानातला माणूस. वीज खात्याचा लाइनमन.

पोदेराला मी एकदा सहज विचारले, हल्ली कोण पाव घेत नाही? त्याने क्षणभर विचार केला आणि तीन घरे सांगितली. एका घरचे लोक मुंबईला मुलीकडे गेले होते. दुसऱ्या घरी मधुमेह निघाला म्हणून पाव बंद. तिसऱ्या घरची बाई महिनाभर दारच उघडत नव्हती. तो पिशवी कडीला अडकवून जायचा आणि दुसऱ्या दिवशी ती तशीच लटकलेली दिसायची. त्या घराला नदीपासून काही धोका नव्हता, ते टेकडीवर होते. पण वादळात वीज आणि फोन गेले की त्या बाईपर्यंत कोणी पोहोचणार नव्हते.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे कोणाला येतात हे विचारले की वृद्ध, विधवा आणि दिव्यांग यांची अर्धी यादी हाताला लागते. उरलेली अर्धी मात्र कागदावर नसते. बोटीवर असलेल्या मुलाचे म्हातारे आईवडील, ज्यांच्याकडे पैसा आहे पण माणूस नाही. व्हाळाच्या काठावर भाड्याच्या खोलीत सहा-सहा जण राहणारे कर्नाटक, बिहार, झारखंडचे कामगार, ज्यांना गावात पाणी कुठून येते हेच ठाऊक नसते. डोंगरावरची धनगरांची चार घरे. पहिले बाळंतपण होऊन सासरी परतलेली मुलगी. या माणसांना मुद्दाम शोधावे लागते.

तिसरी पायरी: सोप्यावर बसा

या पायरीला घाई करू नका. एका संध्याकाळी तीन घरे, फार तर चार. उभ्या उभ्या फॉर्म भरणाऱ्याला लोक ‘सगळे बरे आहे’ म्हणतात आणि दार लावून घेतात.

सुरुवात पाण्यापासून करा. पाण्याविषयी बोलायला कोणाला लाज वाटत नाही. गेल्या पुरात काय काय गेले? तेव्हा घरात कोण होते? रात्री कुठे झोपलात? आणि मग हळूच: आता पाऊस लागला की झोप येते का?

हा शेवटचा प्रश्न दार उघडतो. आपल्याकडे माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. ‘छाती भरून येते’, ‘अंगात त्राण नाही’, ‘डोके गरगरते’, ‘जेवण गोड लागत नाही’, ‘टेन्शन आहे’ असे म्हणतो. गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत ‘मानस’ नावाचा मोठा अभ्यास झाला, डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेने केलेला. त्याचे निष्कर्ष २०१० साली छापून आले. सरकारी केंद्रांत येणारे उदास आणि चिंताग्रस्त रुग्ण, गावातल्याच प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांच्या मदतीने जास्त प्रमाणात बरे झाले. त्या समुपदेशकांकडे डॉक्टरची पदवी नव्हती. नीट ऐकून घेण्याचे शिक्षण आणि पाठीशी डॉक्टर, एवढे होते. म्हणून स्वतःला कमी लेखू नका.

दोन प्रश्न पाठ करून ठेवा. जगभरच्या दवाखान्यांत पहिली चाचपणी याच दोन प्रश्नांनी करतात. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश वाटत होते का? आणि ज्या कामात एरवी मन लागते त्यात लागेनासे झाले आहे का? ‘बरेच दिवस’ किंवा ‘रोजच’ असे उत्तर आले तर आरोग्य केंद्रात घेऊन जाण्याविषयी बोला. रोगाचे लेबल तुम्ही लावायचे नाही. ‘डॉक्टरांना एकदा दाखवूया, मी येतो बरोबर’ एवढेच म्हणा. ‘मी येतो बरोबर’ हे शब्द गाळू नका.

एका वहिनींकडे गेलो होतो. गेल्या पुरात त्यांची पिठाची गिरणी बुडाली होती. त्या बोलत होत्या आणि बोलता बोलता पदराने टेबलाचा एकच कोपरा पुसत होत्या, पुन्हा पुन्हा, जिथे काहीच नव्हते. मी विचारले, ‘वहिनी, कधी असे वाटते का, की नको हे जगणे?’ त्या थांबल्या. म्हणाल्या, ‘भाऊ, आजपर्यंत कोणी विचारले नव्हते.’ मग तासभर बोलल्या. असे विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती खरी नाही. विचारल्याने माणसाचे ओझे हलके होते आणि आपल्याला कळते की आज त्याला एकटे सोडायचे नाही. उत्तर ‘हो’ आले तर घरातल्या भरवशाच्या माणसाला सांगा, शेतातली, कुळागरातली फवारणीची औषधे कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवायला लावा, आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत पोहोचवा.

कोणी म्हणेल अंगात येते, देवचाराचे आहे, कौल घ्यायचा आहे. त्यावर वाद घालू नका. देवाला गाऱ्हाणे घालू द्या, आणि गोळीही चालू ठेवू द्या. दोन्ही एकाच घरात राहू शकतात. ‘वेडा’, ‘पिसो’ हे शब्द मात्र तुमच्या तोंडून चुकूनही येता कामा नयेत, त्याच्या माघारीसुद्धा.

उठण्याआधी चार गोष्टी विचारल्याच पाहिजेत: पाणी कुठपर्यंत येते, रोजचे औषध कोणते, रात्री घरात कोण असते, आणि संकटात तुम्ही कोणाचे ऐकाल? चौथी गोष्ट लोक विसरतात. पण दाराची कडी त्याच नावाने निघते.

चौथी पायरी: कोणते घर पहिल्या पानावर

गुण देऊन यादी करायची पद्धत असते, पाचपैकी किती, दहापैकी किती. मला ती पटत नाही. आकडा पाहिला की आपण विचार करायचे थांबतो. त्यापेक्षा घराकडे दोनदा बघा: एकदा पाण्याच्या बाजूने, एकदा माणसाच्या बाजूने. दोन्हीकडून काळजी वाटली त्या घराचे नाव पहिल्या पानावरच्या यादीत.

माणसाच्या बाजूने बघताना घाव मोजा. एक आघात माणूस सहसा पेलतो. २०२१ मध्ये अनेक घरांना १६ मे रोजी तौक्ते वादळ, त्याच सुमारास करोनातला मृत्यू आणि जुलैत पूर असे तीन घाव दोन-अडीच महिन्यांत बसले. तिसरा घाव लहान असला तरी तोच मोडतो. त्यात जुने कर्ज, दारू, घरातली मारहाण मिळवली तर काय होत असेल याचा विचार करा. बायका मारहाणीविषयी सासूसमोर बोलणार नाहीत. त्यांच्याशी बोलायला बाई पाठवा, आणि विहिरीवर, अंगणवाडीत, एकटीला गाठून.

आता काही गोष्टी ज्या नवख्या माणसाच्या लक्षात येत नाहीत.

मनाच्या आजाराची, फिट्सची किंवा झोपेची गोळी अचानक तुटली की आजार उलटू शकतो, फिट येऊ शकते. म्हणून अशी गोळी घेणारा माणूस कितीही शांत दिसला तरी रस्ता तुटणाऱ्या भागात त्याचे घर पहिल्या पानावर. लिथियमची गोळी चालू असेल आणि जुलाब-उलट्या किंवा पाणी कमी पडल्याने अंग सुकले, तर औषध रक्तात वाढून विषारी होते. हात फार थरथरले, बोलणे अडखळले तर लगेच दवाखाना. मनाच्या आजारावरच्या काही औषधांनी शरीराची उष्णता सहन करण्याची ताकदही घटते. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात अशा माणसाला दुपारी काजूच्या बागेत पाठवू नये.

आणि दारू. रोज फेणी किंवा उर्राक लागणारा माणूस पुरात अडकला, दुकान बंद, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात कापतात, घाम फुटतो, नसलेली माणसे दिसू लागतात, फिटही येते. शिबिरातले लोक म्हणतात बरे झाले, आपोआप सुटली. सुटली नाही, जीव जाऊ शकतो अशी ती अवस्था आहे. अशा माणसासाठी १०८ ला फोन करा. दटावू नका, कोंडू नका.

मुलांमध्ये लक्षणे वेगळी दिसतात. सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, आईचा पदर सुटत नाही, ढग गडगडले की शाळेतून घरी यायचा हट्ट. आवाज आणि गर्दी सहन न होणारे मूल असेल तर शिबिरात त्या घरासाठी कोपऱ्यातली खोली आधीच ठरवा. हे आयत्या वेळी जमत नाही.

पाचवी पायरी: काय लिहायचे, काय नाही

एका वर्षी आमच्या वहीत ‘मनोरुग्ण’ असा रकाना होता. कोणीतरी पानाचा फोटो काढला आणि वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. हेतू चांगला होता, मदत लवकर मिळावी म्हणून. त्या घरातल्या मुलीचे लग्न ठरत होते. त्या घराने आमच्यासाठी दार कायमचे बंद केले, आणि पुढच्या पावसात त्यांना खरोखर गरज होती तेव्हा ते आमच्याकडे आले नाहीत. चूक आमची होती. तो रकाना करायलाच नको होता.

आता वहीत रोगाचे नाव लिहीत नाही. गरज लिहितो. ‘रोज रात्री औषध, तुटता कामा नये.’ ‘मोठ्या आवाजाला घाबरतो, भोंगा लावू नका.’ ‘रात्री एकटी.’ ‘मामाच्या शब्दावर निघतील.’ मदत करणाऱ्याला तेवढे पुरते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा आहे, २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. रुग्णाची माहिती गुप्त राहणे हा त्यात त्याचा हक्क आहे. त्यामुळे प्रत्येक घराची परवानगी घ्या आणि नको म्हणाले तर पान कोरे ठेवा. मात्र पाण्याची खूण आणि घरातली डोकी लिहा. वही दोघांकडेच असावी. फोटो नाही, ग्रुपवर नाही.

पेन्सिलने लिहा. शाईचे काय होते ते मी पाहिले आहे. २०२१ च्या पुरानंतर एक काका ओला केसपेपर उन्हात वाळवत बसले होते, वर चार दगड ठेवून. कागद वाळला पण निळा डाग तेवढा उरला, औषधाचे नाव गेले. गोळ्या बिस्किटाच्या डब्यात होत्या, त्यांचा पांढरा लगदा झाला होता. कोणती गोळी, किती ताकदीची, कोणाला सांगता येईना. बांबोळीच्या सरकारी इस्पितळापर्यंत जाऊन नवी चिठ्ठी आणेतो आठवडा गेला.

सहावी पायरी: पिशवी आणि जोडी

त्या प्रसंगावरून हे ठरले. पहिल्या पानावरच्या प्रत्येक घरात दाराच्या वरच्या खुंटीला एक प्लॅस्टिकची पिशवी असावी. तिच्यात दोन आठवड्यांच्या गोळ्या (ज्या ज्याच्या त्याच्याकडे ठेवणे सुरक्षित आहे त्यांच्याच, जीव द्यायचा विचार बोलून दाखवलेल्या माणसाच्या गोळ्या घरातल्या दुसऱ्याच्या ताब्यात), चिठ्ठीची झेरॉक्स, आधार कार्डाची झेरॉक्स, विजेरी, चष्मा असल्यास जुना चष्मा, आणि जवळच्या माणसाचा नंबर कागदावर. तौक्तेनंतर कित्येक ठिकाणी दिवसचे दिवस वीज नव्हती. मोबाइल बंद पडला की मुलाचा नंबर कोणालाच पाठ नसतो. चिठ्ठीचा फोटो घरच्या दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवरही असू द्या.

जास्तीच्या गोळ्या मेअखेरच्या तपासणीतच डॉक्टरांकडून मागून घ्याव्या लागतात. बहुतेक डॉक्टर समजून घेतात, फक्त कोणीतरी जाऊन ‘आमचा पूल बुडतो’ हे सांगावे लागते.

जोडी म्हणजे प्रत्येक घरामागे एक माणूस, ज्याचे नाव त्या घराने स्वतः सांगितले आहे. तुम्ही ठरवलेला नव्हे. एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त घरे देऊ नका. त्याचेही घर बुडत असते.

सातवी पायरी: इशारा आला की

हवामान खात्याचे रंग पाठ करा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हला. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढचा पाऊस ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’, आणि २०४.४ च्या वर गेला की ‘अत्यंत जोरदार’. पण तुमच्या व्हाळाला हे आकडे कळत नाहीत. किती पावसात तुमची मोरी तुंबते हे दोन पावसाळे स्वतः टिपून ठेवा.

नारिंगी रंगालाच पहिल्या पानावरच्या घरांना फोन करा. ‘घाबरू नका’ असे म्हणू नका, त्याने माणूस जास्त घाबरतो. ठरलेली वाक्ये बोला: ‘काकी, आज रात्री पाणी चढेल असे सांगितले आहे. चारच्या आत तुमचा भाचा येईल. पिशवी घ्या, शाळेत जायचे आहे, मी तिथेच आहे.’ कोण येणार, कधी, कुठे जायचे, तिथे ओळखीचे कोण, एवढे कळले की पाय उचलतात. बऱ्याच जणांचा जीव गुरात अडकतो. गाय-वासरू आधी वर नेल्याशिवाय ते हलत नाहीत, आणि हे त्यांचे चुकीचे नाही. गोठ्याची सोय आधी करा.

ज्याला भास होतात, संशय येतो, त्याच्या घरी वर्दीतल्या माणसांचा घोळका नेऊ नका. एकच ओळखीचा माणूस पुढे, बाकी वळणावर थांबतील.

आठवी पायरी: पाणी उतरल्यावर

पहिल्या दोन-तीन दिवसांत प्रत्येकाची झोप उडालेली असते, रडू येते, राग येतो. हा आजार नव्हे. बहुतेक माणसे आपोआप सावरतात. तेव्हा तुमचे काम साधे: बघा, ऐका, जोडून द्या. कोण जखमी आहे, कोण नुसतेच टक लावून बसले आहे ते बघा. बोलायचे असेल तर ऐका. नसेल तर खोदून खोदून विचारू नका, पत्रकारासमोर उभे करू नका. हवे असेल ते, म्हणजे सुके कपडे, फोन, तलाठ्याच्या पंचनाम्याची तारीख, पुराच्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापासाठी आरोग्य केंद्राची गोळी, यांच्याशी जोडून द्या. पंचनाम्याच्या दिवशी बरोबर उभे राहिलात तर एखाद्या समुपदेशनाइतका आधार होतो.

खरी वेळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. तेव्हा मदतीच्या गाड्या थांबलेल्या असतात, चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आलेली असते आणि ज्याच्या घरात चिखल आहे त्याने माटोळी, म्हणजे गणपतीवरचे फळापानांचे छत, कुठे बांधायची? वही घेऊन पुन्हा पहिल्या पानापासून फिरा. ज्यांची झोप, भूक, काम अजून रुळावर नाही, ज्यांची दारू वाढली आहे, जे देवळात यायचे थांबले आहेत, त्यांना आता डॉक्टर दाखवा. जवळच्या आरोग्य केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी भेटतात ते विचारून ठेवा. पुढची सोय बांबोळीला, मनोविकार आणि मानवी वर्तन संस्थेत. तिथे जायचे म्हटले की घरचे कचरतात; बरोबर जा, आणि ओपीडीत दाखवून बहुतेक जण त्याच दिवशी घरी येतात हे सांगा.

कोणी जीव द्यायचा प्रयत्न केला असेल तर पोलीस केस होईल म्हणून घरचे लपवतात आणि उपचार राहून जातात. त्यांना सांगा, २०१७ च्या कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे असते. त्याला उपचार आणि आधार देणे ही सरकारची जबाबदारी आहे.

वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत हे नंबर लिहा: टेली-मानस (मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा) १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. रुग्णवाहिका १०८. कोणतीही तातडी ११२. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७. नंबर नुसते लिहू नका. एकदा १४४१६ वर स्वतः फोन करून बघा, म्हणजे दुसऱ्याला देताना ‘मी बोललो आहे, चांगले बोलतात’ असे खरेपणाने सांगता येईल.

स्वतःलाही वहीत लिहा. पाण्यात उतरून माणसे काढणाऱ्याला रात्री तेच पाणी दिसते. तुमची जोडी कोण, तुम्ही कोणाचे ऐकाल, हे रकाने रिकामे ठेवू नका.

दसरा झाला की खोडरबर घेऊन बसा. भाड्याच्या खोल्यांतली माणसे बदललेली असतात, कोणाचे बाळंतपण झालेले असते, कोणाचा मुलगा बोटीवर परत गेलेला असतो, कोणी वारलेले असते. व्हाळाने या वर्षी वळण बदलले असेल तर मधल्या पानावरचा नकाशाही दुरुस्त करा, आणि एप्रिलपर्यंत वही कपाटाच्या सगळ्यांत वरच्या खणात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून.